नॉर्मनच्या वडिलांचा झेल

दीनानाथराव मँचेस्टरमध्ये एकतीस वर्षं क्लब क्रिकेटचे अंपायर होते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा अंपायरिंग सुटलं, तोरा मात्र सुटला नाही. शेजारचा शहाण्णव वर्षांचा नॉर्मन अंथरुणाला खिळला, तेव्हा हे रोज चहाच्या वेळी त्याच्याकडे जाऊन बसत आणि आपले जुने निकाल उगाळत.

एका मंगळवारी नॉर्मन म्हणाला, "दीना, आज मला एक निकाल हवाय. माझ्याकडे वेळ थोडा आहे."

गोष्ट त्याच्या वडिलांची होती. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात या भागात पगारी खेळाडूंचे बेसबॉलचे सामने होत. वडील मूळचे क्रिकेटवाले, पण पळायला चपळ म्हणून एका संघाने त्यांना घेतलं होतं. त्या दिवशी शेवटचा डाव चालू होता. दोन्हीकडे चार-चार धावा, समोरचा एकच गडी बाद, आणि त्यांचा एक जण धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरलेल्या तिसऱ्या बेसवर टपून बसलेला. चेंडू उंच उडाला. वडील पार कुंपणापर्यंत धावले आणि त्यांनी अशक्य वाटणारा झेल टिपला.

"मी सहा वर्षांचा. कुंपणाला चिकटून उभा होतो. 'डॅड' म्हणून जोरात हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, हसले, आणि चेंडू वर उडवला. क्रिकेटमध्ये उडवतात तसा."

क्रिकेटमध्ये झेल घेतला की खेळ तिथे थांबतो. बेसबॉलमध्ये थांबत नाही. चेंडू परत हातात पडून पुढे फेकला जाईपर्यंत तिसऱ्या बेसवरच्या गड्याने धाव पुरी केली होती. सामना त्या एका धावेने गेला. पुढच्या मोसमात वडिलांना संघात घेतलं नाही. जुन्या सवयीने घात केला, असं ते मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले. पोराच्या हाकेबद्दल त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

"आता सांग, चूक माझी का त्यांची?"

दीनानाथरावांना भलताच सामना आठवत होता. मुलगा सुयश सतरा वर्षांचा, बॅटिंगला. दुसरा अंपायर आला नाही म्हणून हेच उभे होते. चेंडू बॅटजवळून विकेटकीपरच्या हातात गेला. आवाज आला की नाही, यांना नक्की कळलं नाही. शंका असेल तर नाबाद द्यायचं, हे ते स्वतः नव्या अंपायरांना शिकवत. पण बापाने पोराला वाचवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून यांनी बोट वर केलं आणि लगेच मान खाली घातली. सुयशने त्यानंतर बॅट हातात धरली नाही. आता तो बेसिंगस्टोकला असतो आणि दिवाळीला फोन करतो.

"तू हाक मारली नसतीस तरी त्यांनी तुझ्याकडे बघितलंच असतं," ते अखेर म्हणाले. "तू तिथे आहेस हे त्यांना ठाऊक होतं. नॉट आउट."

नॉर्मनने डोळे मिटले. "थँक यू, अंपायर," तो म्हणाला. शुक्रवारी तो गेला.

फ्युनरलहून घरी आल्यावर दीनानाथरावांनी कोटही न काढता सुयशला फोन लावला. मनातलं बोलायची सवय नव्हती.

"तुझा तो कॅच... मला आवाज नक्की ऐकू आला नव्हता रे. डाउट होता. तरी तुला आउट दिलं. माझं चुकलं."

"बाबा, बॅटला लागला होता बॉल," सुयश म्हणाला. "आय वॉज आउट. तुमचं डिसिजन बरोबर होतं."

"मग क्रिकेट का सोडलंस?"

"आउट दिल्यावर मी क्रीझमध्ये थांबून राहिलो होतो, आठवतं? सगळ्यांना वाटलं मी चिडलोय. मी फक्त वाट बघत होतो, तुम्ही एकदा माझ्याकडे बघाल म्हणून."

दीनानाथरावांना रडू आवरेना. सुयशने फोन ठेवला नाही, इतकंच.