थंड इंजिनाची टिकटिक

शालिनीताईंच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला त्याला तीन आठवडे झाले होते. गाडी २०११ सालची. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आलेली, आणि मुदत वाढवून घ्यायची तर गाडी तपासणीत पास व्हायला हवी. पीयूसीवाल्याने धूर तपासून आधीच नकारार्थी मान हलवली होती. सिटी सेंटरजवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून सांगितलं, "कॅटालिटिक कन्व्हर्टर गेलाय, मॅडम. धूर साफ करणारा डबा असतो तो. नवीन टाकण्यापेक्षा गाडी भंगारात द्या."

इंदूरहून मुलीचा, प्रांजलीचा फोन आला. तिचंही तेच. "आई, छोड ना आता. मी तुला नवी घेऊन देते. बाबांची गाडी म्हणून किती दिवस ओढणार?"

"बाबांची कुठे? माझी आहे ती. मी चालवते."

आणि ते खरंच होतं. गाडी घेतली तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या, शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांचे यजमान मुकुंदराव त्यांना रोज सकाळी रिकाम्या मेळा मैदानात घेऊन जायचे. मेळा उठून गेलेला, दुकानांची शटरं बंद, मधल्या रुंद रस्त्यांवर दोन-चार गाई. गाडी आचके देऊन बंद पडली की मुकुंदराव रागावायचे नाहीत, फक्त रेडिओ बंद करायचे. "गाडीचं ऐक, शालू. गिअर कधी हवाय ते ती सांगते."

पहिल्यांदा एकट्या निघाल्या त्या दिवशी सवारी टेम्पोंच्या गर्दीतून थेट शहराच्या मधोमध, महाराज बाड्याच्या चौकात जाऊन थांबल्या आणि घरी फोन केला, "पोचले. एक ओरखडा नाही." अर्ध्या तासाने मुकुंदराव टेम्पोने तिथे हजर. "आलो. आता मला घरी ने." येताना ते डोळे मिटून बसले होते. भीतीने की विश्वासाने, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

शेवटचं एकदा विचारावं म्हणून शालिनीताई हरिशंकरपुरमजवळच्या संग्रामसिंहांच्या गॅरेजमध्ये गेल्या. संग्रामसिंह पन्नाशीचे, गाडी नवी होती तेव्हापासून तेच तिचं सगळं बघत. त्यांनी स्कॅनर जोडला आणि पडद्यावरच्या दोन रेषा दाखवल्या.

"हे बघा ताई, दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत. एक डब्याच्या आधी, एक नंतर. आधीच्याची रेष वरखाली नाचते, ते ठीक. डबा चांगला असेल तर नंतरची शांत पाहिजे. ही पण नाचतेय."

"म्हणजे गेलाच?"

"मशीन सही सांगतं, पण पूरं नाही सांगत." ते गाडीखाली वाकले आणि डब्यावर रबरी हातोडीने दोनदा ठोकलं. "आतली जाळी फुटली असती तर खडखडलं असतं. सकाळी गाडी कशी चालते?"

शालिनीताईंनी थोडा विचार केला. "सुरू केली की खालून टिकटिक येते. घड्याळासारखी. पाच-सात मिनिटांत थांबते."

संग्रामसिंह ताठ उभे राहिले. "हे तिथे सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलंच नाही."

गाडी थंड होईपर्यंत दोघं चहा घेत बसले. मग संग्रामसिंहांनी सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडली आणि पाइपच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. डब्यानंतरच्या, दुसऱ्या सेन्सरच्या अलीकडच्या जोडावर भराभरा बुडबुडे फुटले.

"या, खाली बघा!"

शालिनीताई गुडघा धरत वाकल्या. लहानपणी साबणाच्या फेसात फुंकर मारावी तसे बुडबुडे होते.

"जोडातली चकती, गॅसकेट, जळलंय. इथून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो, धुराचे आकडेपण चुकतात. तापल्यावर लोखंड फुगतं, फट मिटत येते, म्हणून टिकटिक बंद; पण थोडी हवा शिरतच राहते. डबा चांगला आहे, ताई. हे मला यंत्राने नाही, तुम्ही सांगितलं."

शालिनीताईंना वाटलं, हे ऐकायला मुकुंदराव हवे होते. ते हसले असते आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटले असते.

नवं गॅसकेट बसलं. संग्रामसिंह स्कॅनर घेऊन शेजारी बसले, शालिनीताईंनी गाडी कॉलनीभर फिरवली. दुसरी रेष सरळ, शांत. स्कॅनरवरून विझवलेला दिवा पुन्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पीयूसी मिळालं, आणि महिन्याभरात नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली.

"पाच वर्षं?" प्रांजली फोनवर ओरडली. "आई, तू तेव्हा चौऱ्याहत्तरची असशील!"

"हो, आणि गाडी वीसची," शालिनीताई म्हणाल्या. "तू दिवाळीला ये. स्टेशनवर घ्यायला मीच येते."