एकदाच विचारायचं

तेहरानमध्ये कुणी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणालं, तर समजावं की बिचारा परदेशात वाढलाय. टॅक्सीवाला भाडं नको म्हणतो, आणि तुम्ही खरंच पैसे परत खिशात घातलेत तर भांडायला उठतो. पाहुणा चहा नको म्हणतो, आपण आग्रह करतो, तो पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या आग्रहाला निमूट पेला उचलतो. याला आम्ही तारोफ म्हणतो. शेंबड्या पोरालाही तो कळतो. खोस्रो दादफरला तर चांगलाच कळत होता, म्हणूनच मला त्याची फारशी दया येत नाही.

नव्या राष्ट्राध्यक्षांच्या मंत्र्यांची नावं ठरवायला जी निवड समिती बसली होती, तिच्यात खोस्रो फोन करण्याच्या कामावर होता. राष्ट्राध्यक्ष प्रचारात गावोगाव सांगत फिरले होते की जुनी तोंडं आता पुरे झाली, शिक्षणमंत्री या वेळी वर्गातून येईल आणि ती बाई असेल. खोस्रोची बायको मोज्गान हिने कित्येक वर्षं मत टाकलं नव्हतं. नवऱ्याने डोकं खाल्लं म्हणून ती गेली, आणि जाताना आई, बहिणी आणि आपल्या पार्लरमधल्या निम्म्या बायकांना घेऊन गेली. केसांना रंग लावून बसलेल्या त्या बायका तिला बजावत होत्या, "तुझ्या शब्दावर जातोय हं आम्ही."

ती बाई कोण असणार हेही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. फरंगीस येक्ता, मोज्गान लहानपणी शिकली त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गळकं छत आणि निकामी पुस्तकं यांवर उघड बोलल्या म्हणून त्यांना मुदतीआधी घरी बसवलेलं. राष्ट्राध्यक्षांनी एका सभेत त्यांचं नाव घेतलं, तेव्हा मोज्गान रडली होती.

समितीचे प्रमुख हाजी मोईनी. सरकारं आली-गेली, हाजी तिथेच. त्यांनी खोस्रोला बोलावून येक्ताबाईंना फोन लावायला सांगितला आणि वर शिकवणही दिली. "एकदाच विचारायचं. हो तर हो, नाही तर नाही. नवं सरकार आहे, नवी पद्धत. ते जुनं लाजणं-मुरडणं आता बंद." मग त्याच दमात म्हणाले की रोकनीसाहेबांची तयारी आहेच, अडणार काही नाही. रोकनीसाहेबांनी ही खुर्ची याआधी दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात उबवलेली होती.

खोस्रोने फोन लावला. हाजी समोरच्या टेबलाशी काकडी सोलत बसले होते. खोस्रोने रीतसर विचारलं, आणि येक्ताबाई, आमच्या रीतीने खानम येक्ता, म्हणाल्या, "मी कसली, बाळ? माझ्याहून मोठी माणसं आहेत. माझी एवढी लायकी नाही."

आणि त्या थांबल्या.

ते थांबणं खोस्रोला नीट ऐकू आलं. आता आपली पाळी, हे त्याला कळत होतं. 'असं कसं, खानम, तुमच्याशिवाय कोण?' एवढंच म्हणायचं होतं. हाजींनी काकडीला मीठ लावलं आणि त्याच्याकडे बघितलं. खोस्रो म्हणाला, "आपल्या इच्छेचा मान ठेवतो, खानम," आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी स्वतः राष्ट्राध्यक्षांनी त्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या. त्याने सांगितलं की स्पष्ट नाही म्हणाल्या. राष्ट्राध्यक्षांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्याबरोबर त्यांचे खांदे थोडे सैल झाले, तेही खोस्रोने पाहिलं. दुसऱ्या दिवशी हाजींनी त्याला कळवलं की प्रसिद्धी खात्याचा उपप्रमुख म्हणून त्याचं नाव पुढे केलंय. ही नोकरी मिळावी म्हणून त्याने चार वर्षं जोडे झिजवले होते. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. केशरी भात समोर तसाच राहिला, आणि मोज्गानला वाटलं की पित्त झालंय.

गुरुवारी ती खानमना भेटून आली आणि ओढणीही न सोडता त्याच्यासमोर उभी राहिली. खानमनी राखाडी कोट इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता. नान आणायलासुद्धा त्या शेजारणीला पाठवत होत्या, कारण फोन वाजला आणि आपण घरी नसलो तर काय घ्या.

"त्यांना फोन कुणी केला होता?" मोज्गानने विचारलं.

"मी."

"कितीदा विचारलंस?"

खोस्रो खोटं बोलू शकला असता. पण बायकोसमोर जीभ वळली नाही. "एकदा," तो म्हणाला.

मोज्गानने ओढणी सोडून खुंटीला अडकवली. मग तिने विचारलं की यादी संसदेत शनिवारी वाचणार ना. तो हो म्हणाला. "मग उद्या जायचं आणि नीट विचारायचं. पार्लरमध्ये मला तोंड दाखवायचंय अजून."

शुक्रवारी दुपारी गाडी तिनेच चालवली. वर मात्र गेली नाही. आपल्या जुन्या विद्यार्थिनीसमोर खानमना हो म्हणायला अवघड जाईल, असं तिचं म्हणणं. खोस्रो एकटाच जिना चढला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. तेवढं बोलायचं, मग राष्ट्राध्यक्षांकडे जाऊन सांगायचं की मी खोटं बोललो. नोकरी गेली तर गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत हे सगळं त्याला जमण्यासारखं वाटत होतं.

खानमनी चहा आणला, गझ या मिठाईची बशी पुढे केली. राखाडी कोट दाराला टांगलेला होताच. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. जन्मभर चोरी पकडलेल्या पोरांचे चेहरे वाचले होते त्यांनी. चहा ओतत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी फोन कट झाला बहुतेक. आमच्याकडे लाइन फार खराब असते."

"नाही खानम," खोस्रो म्हणाला, "कट नव्हता झाला."

"झालाच असेल. मी पुढे बोलत होते, तुला ऐकू आलं नसणार."

त्या रस्ता करून देत होत्या. लाइन तुटली, बाईंचं अर्धंच ऐकलं, असं तो उद्या वर सांगू शकला असता. नोकरी वाचली असती, यादी बदलली असती, कुणाचंच नाक खाली गेलं नसतं. खोस्रोला हे कळलं. पण त्याला हेही कळलं की लाइन कधीच तुटली नव्हती हे हाजी मोईनी जाणतात. ते समोरच बसले होते.

"कट नव्हता झाला, खानम. माझ्याच हातून..."

"कट झाला होता, बाळ," खानम तिसऱ्यांदा म्हणाल्या, अगदी मायेने, आणि चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

खोस्रोने पेला घेतला. "हो खानम," तो म्हणाला. "कट झाला होता."

मग त्या वाट बघत बसल्या. फोन तुटला असेल तर माणूस पुढचं विचारतो. खोस्रोने चहा संपवला, प्रकृतीची, हवापाण्याची चौकशी केली, आणि उठला. दाराशी कोट त्याच्या खांद्याला घासला. खानमनी विचारलं, "आणखी काही बोलायचं होतं का?"

"नाही खानम. आपल्याला उगाच त्रास."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खाली मोज्गान काच उतरवून बसली होती. त्याला लाज वाटत होती, इतकी की जिन्यातच बसून राहावंसं वाटलं होतं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय म्हणाल्या.

"नाही म्हणाल्या."

"कितीदा विचारलंस?"

"तीनदा," खोस्रो म्हणाला.

मोज्गानने डोळे पुसले. "मग त्यांच्याच मनात नव्हतं," ती म्हणाली, आणि नवऱ्यावर संशय घेतला म्हणून तिने त्याची माफी मागितली.