टिटवीसाठी नेसलेलं लुगडं

चुनीलालला लग्नच करायचं नव्हतं असं तळोद्यात कुणी सांगत असेल, तर ते साफ खोटं. शहाद्याच्या नथमल शेठची कंकू त्यानं एकदा देवळात, बापाबरोबर आलेली पाहिली होती. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि हा मीठ बांधून द्यायचा. पण त्याआधीची दोन स्थळं हातची गेली होती. कारण काय, तर मुलगा वडिलांचं भुसारीचं दुकान सोडून सुरतेहून आणलेला कॅमेरा घेऊन पाखरांच्या घरट्यांमागे हिंडतो. लोकांच्या जिभेला काय हाड असतं! वडील केवलचंद यांनी शेवटचं बजावलं होतं, "हे तिसरं स्थळ. हेही गेलं तर तो डबा विहिरीत टाकीन, आणि त्याच्या मागोमाग तुला."

नथमल शेठ उद्या मुलगा बघायला येणार होते. शहाण्या माणसानं आज दाढी करून घरात बसावं. पण चुनीलाल आणि शहाणपण! भिकुबाई पाटलिणीच्या शेतात टिटवीनं ढेकळांमध्ये चार अंडी घातली होती, आणि त्यातल्या एकाला तडा गेलेला त्यानं सकाळीच पाहिला. टिटवीची पिल्लं अंग वाळलं की घरटं सोडून पळतात. फोटो आज, नाहीतर थेट पुढच्या वैशाखात.

अडचण एकच होती. धोतर-टोपी दिसली की टिटवी सगळं शिवार डोक्यावर घ्यायची. भिकुबाई मात्र धसकटं वेचत अगदी जवळून गेली, तरी ती टिटवी खुशाल बसून राहायची. हे बरेच दिवस पाहून झाल्यावर चुनीलालनं सरळ भिकुबाईकडे तिचं जुनं लुगडं मागितलं.

"येडा व्हयी गया का रे तू?" भिकुबाई म्हणाली. "तुले दखाले पाव्हना यी ऱ्हायनात, आनि तुले मन्हं लुगडं पाहिजे?"

पण हसत हसत तिनंच ते त्याच्या धोतरावरून गुंडाळलं, पदर मिशीपर्यंत ओढला आणि ती भाकर खायला घरी गेली.

चुनीलाल धसकटांच्या पाटीखाली कॅमेरा लपवून, वाकत, धसकटं वेचत पुढे सरकला. टिटवी उठली, चार पावलं चालली, तिनं तिरप्या डोळ्यानं त्याला न्याहाळलं आणि ती परत अंड्यांकडे वळली. चुनीलालचा जीव हरखून गेला. आता ती बसली की खटका दाबायचा.

तेवढ्यात रस्त्यावर एक बैलांची दमणी थांबली. "ओ बाई! केवलचंद शेठनं घर कोठे शे?"

चुनीलालनं पदराआडून पाहिलं. नथमल शेठ! एक दिवस आधी! मुलींचे बाप असेच. न सांगता येतात आणि घर जसं असेल तसं बघून घेतात. चुनीलालनं मुकाट्यानं गावाकडे हात केला.

शेठचं तेवढ्यानं भागलं नाही. बाई बहिरी दिसते असं म्हणत ते खाली उतरले आणि ढेकळं तुडवत सरळ त्याच्याकडे निघाले. टिटवी किंचाळत उडाली. शेठ मान वर करून तिच्याकडे बघत चालले, आणि त्यांची जाडजूड मोजडी नेमकी त्या अंड्यांवर उचलली गेली.

गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. शेठ निघून गेले असते, कंकू घरात आली असती. तोंड उघडलं की सगळं संपलं. पण उचललेला पाय खाली यायला वेळ तो कितीसा लागतो!

"शेठजी, पाय खाली ठेवू नका!"

लुगड्यातून असा पुरुषी आवाज आल्यावर कुणाचाही पाय हवेतच राहील. अडीच मणांचे नथमल शेठ एका पायावर डुलायला लागले. चुनीलालनं धावत जाऊन त्यांना मिठी मारली. त्या गडबडीत पदर घसरला आणि मिशी उघडी पडली.

"कोण रे तू?"

खोटं नाव सांगणं अजूनही जमलं असतं. "केवलचंदांचा चुनीलाल," तो म्हणाला, आणि त्याला अगदी रडू यायला लागलं. "खाली अंडी आहेत. एक फुटतंय."

शेठनी पाय मागे घेतला आणि ते वाकले. अंडी मातीच्याच रंगाची होती. एकातून इवलीशी चोच बाहेर डोकावत होती. शेठनी त्या चोचीकडे पाहिलं, मग आपल्या मोजडीकडे. "अरिहंत, अरिहंत," म्हणत त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मला ओळखलं होतंस?"

"हो."

"गप्प बसला असतास तर मी काही तुला ओळखलं नसतं."

"तुमचा पाय पडताना बघवलं नसतं."

वर टिटवी आरडत घिरट्या घालत होती. तिच्याकडे बघत शेठनी विचारलं, "ती परत येईल का रे?"

"ऊन आहे, लगेच येईल. पण आपण हलायचं नाही. आणि तुमच्या पगडीला ती बिचकेल."

पगडी! मुलीचा बाप ती उतरवतो ती फार झालं तर व्याह्याच्या पाया पडायची वेळ आली म्हणून. नथमल शेठनी ती उतरवून मांडीवर घेतली, ढेकळांत फतकल मारली आणि लुगड्याचा उरलेला पदर आपल्या टकलावर ओढून घेतला. एका लुगड्यात दोन शेठ! दमणीवाला आ वासून बघत राहिला.

टिटवी खाली उतरली. थांबली. मग पंख फुलवून अंड्यांवर बसली. चुनीलालनं खटका दाबला.

"आला का नीट?" शेठ कुजबुजले.

"आला असावा."

"मग एक प्रत मला दे. कंकू विचारेल, मुलगा कसा आहे. तिला हाच फोटो दाखवीन."