दुसरा टॉवेल गरमच हवा

दाढी चालू असताना गिऱ्हाईक बोलू शकत नाही, हे जगातल्या झाडून सगळ्या न्हाव्यांना ठाऊक असतं. पण त्याचा असा फायदा घ्यावा, हे एकट्या फवाऱ्यालाच सुचलं.

फवारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं. हातातली पाण्याची बाटली फुस्स-फुस्स चालायची आणि तिच्या तालावर तोंडही. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक गळका नळ एवढंच त्याचं सलून, पण तिथं बावीस वर्षं त्यानं हवेपासून लोकांच्या जावयांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला होता. हात मात्र सोन्याचा. त्याच्या वस्तऱ्यानं कुणाला कधी ओरखडा उठला नव्हता.

मग एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपदेश केला. म्हणाले, "सेवा करायला दूर देशी कशाला जायला हवं? तुमचं रोजचं काम हीच तुमची सेवा. देवानं प्रत्येकाला कल्पकता दिलीय. डोकं चालवा!" बाकीची मंडळी घरी गेली, जेवली, विसरली. फवाऱ्यानं डोकं चालवलं. इथंच सगळा घोटाळा झाला.

त्यानं काढली तीन टॉवेलांची युक्ती. पहिला टॉवेल गार पाण्यातला. तो तोंडावर टाकला की फवारा सुरू व्हायचा, "शहारा आला ना? देवापासून लांब गेलेल्या माणसाला असंच होतं." दुसरा वाफाळता. "हा पश्चात्ताप. चटका बसतो, पण सोसायचा." आणि तिसरा कोरडा, मऊ, नुकता धुतलेला. "ही कृपा. फुकट आहे, घ्या." गिऱ्हाईक बिचारं मान मागं टाकून पडलेलं आणि डोक्याशी वस्तरा परजत उभा हा! कोण कशाला वाद घालतोय? सगळे माना डोलवायचे. फवाऱ्याला वाटायचं, पटतंय लोकांना.

"अहो, गळा कापला जाईल म्हणून गप्प बसतात ती माणसं," बायको म्हणाली.

"तुला ना, आत्म्यातलं काही कळतच नाही," म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

दर शनिवारी दुपारी मास्तर यायचे. शाळेत चित्रकला शिकवलेले, निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. ती त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणायची, सलूनमध्ये सोडायची आणि तासाभरात आठवड्याचा बाजार उरकून यायची. फवाऱ्याचा मास्तरांवर भारी जीव. आता खरं सांगायचं तर, उलट उत्तर देऊच शकत नाही असं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

टॉवेल तोंडावर ठेवण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा, हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. बावीस वर्षांत तो हे कधी चुकला नव्हता. पण त्या शनिवारी पातेल्यातून टॉवेल पिळून काढतानाच त्याला पश्चात्तापावर एक झकास वाक्य सुचलं. ते निसटू नये म्हणून त्यानं घाई केली. टॉवेल मास्तरांच्या तोंडावर दाबला, डोळे मिटले आणि बोलायला लागला.

मास्तरांचा डावा हात अंगावरच्या कापडाखालून धडपडत बाहेर आला. त्यांनी फवाऱ्याचं मनगट धरलं. असं घट्ट धरलं की फवाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. दोन वर्षांत या माणसानं कुणाचा हात धरला नव्हता! त्यानं मास्तरांच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला आणि मिटल्या डोळ्यांनी प्रार्थना लांबवली. टॉवेल उचलला तेव्हा मास्तरांचा चेहरा लालबुंद होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मास्तर!" फवाऱ्यालाही रडू आलं. "रडा, मोकळं व्हा."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्यानं साक्ष दिली, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलं. मनगट वर करून दाखवलं, इथं धरलं म्हणून. म्हातारीकोतारी माणसं डोळे पुसायला लागली, कुणी हालेलूया म्हटलं. पाळकांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली आणि जाहीर केलं, "पुढच्या रविवारी उपासना झाली की आपण दहाजण मास्तरांच्या घरी जाऊ. गाणी म्हणू, पवित्र शास्त्र भेट देऊ." फवारा आठवडाभर जमिनीवर नव्हता.

शनिवारी मास्तर आले नाहीत.

संध्याकाळी दुकान बंद करून तो त्यांच्या घरी गेला. म्हटलं, तब्येतही कळेल आणि उद्या मंडळी येणार हेही कानावर घालता येईल. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लेकीनं दार उघडलं, त्याला बघून जराशी थबकली, पण या म्हणाली. मास्तर खिडकीशी बसले होते. हा आत आला तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काका, तुम्हाला एक विचारायचं होतं," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं. "गेल्या शनिवारी टॉवेल फार गरम होता का हो?"

"छे! नेहमीसारखाच..." म्हणता म्हणता त्याला ते पातेलं आठवलं आणि ते झकास वाक्यही आठवलं.

तिनं हलकेच मास्तरांची हनुवटी वळवली. डाव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, भाजल्याचा डाग होता. फोड येऊन गेले होते, कातडी सोलवटून खाली गुलाबी दिसत होती आणि वर मलम चोपडलेलं होतं. आठवडाभराची दाढी वाढलेली, त्या डागाच्या कडेकडेनं.

"मी परत आले तेव्हा गाल लाल होता, पण दाढीनंतर असतोच म्हणून मी दुर्लक्ष केलं. रात्री फोड आले. विचारलं तर यांना सांगता येईना. मग दोन दिवसांनी हे काढून दिलं." तिनं टेबलावरचा कागद त्याच्यासमोर धरला.

डाव्या हातानं काढलेलं चित्र होतं. रेषा वेड्यावाकड्या, पण मास्तर ते मास्तर. खुर्ची, खुर्चीत माणूस, तोंडावर टॉवेल आणि टॉवेलातून निघणारी वाफ. त्या माणसाचा हात दुसऱ्याचं मनगट ढकलत होता. होय, ढकलतच होता, चित्रात ते लहान पोरालाही कळलं असतं. आणि वर उभा फवारा. डोळे मिटलेले, मान आभाळाकडे, तोंड हे एवढं मोठं उघडं. चित्रात सगळ्यात मोठं ते तोंडच होतं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं फवाऱ्याला झालं.

"झटक्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच पेन्सिल धरली, काका," लेक म्हणाली, आणि कागद जपून परत ठेवला.

आणि काय सांगू, या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? वाक्य आलं! 'बघा, प्रभूनं वाईटातूनही कसं चांगलं केलं...' अख्खं, सुरुवात-शेवटासकट, उद्या उभं राहून म्हणता येईल असं. समोर भाजलेला गाल, आणि याच्या आत साक्ष शिजत होती. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची अशी शिसारी आली की त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भाजवलं ती चूक म्हणता येईल. पण हे? हे काय होतं?

"मास्तर, माझं चुकलं," तो कसाबसा म्हणाला. "मला माफ करा. बरं वाटलं की मी घरी येऊन दाढी करून देईन, एक शब्द बोलणार नाही. चालेल ना? मी पुढच्या शनिवारी, नाहीतर तुम्ही म्हणाल तेव्हा..."

"थांबा काका. त्यांना वेळ लागतो."

तो गप्प झाला. मास्तर बघत राहिले. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी गेली. बऱ्याच वेळानं मास्तरांनी मान हलवली. नाही. आणि मग, नीट कळावं म्हणून, पुन्हा एकदा. नाही.

रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला. बायकोला सगळं सांगितलं होतं आणि तिनं, आश्चर्य म्हणजे, एका शब्दानं टोचलं नव्हतं. त्यानं सांगून टाकलं. टॉवेल तपासला नाही. ते अश्रू भाजल्याचे होते. मनगट धरलं नव्हतं, ढकललं होतं. गेल्या रविवारी मी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि मास्तरांच्या घरी कुणीही जायचं नाही.

फवाऱ्यानं खाली मान घातली. आता काय बोलायचं ते बोला, तो तयार होता.

"हालेलूया!" पाळक भरल्या गळ्यानं म्हणाले. "ही खरी नम्रता! केवढी मोठी साक्ष दिली ब्रदरनं!" आणि टाळ्या पडल्या. गेल्या रविवारपेक्षा जास्त.

"टाळ्या नका वाजवू," तो म्हणाला. ती तर आणखीच नम्रता ठरली. शेवटी बायकोनं शर्टाला धरून त्याला खाली बसवलं. सबंध चर्चमध्ये टाळी न वाजवलेली ती एकटीच होती.

सोमवारी सकाळी त्यानं शटर अर्ध्यावरच ठेवलं आणि रस्ता ओलांडला. समोर नवं सलून होतं, चकचकीत, दिवसभर गाणी लावणारं. मालक तिशीतला, गल्ली त्याला हिरो म्हणायची. चार वर्षांत फवारा त्याच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. त्याच्या पाठीमागं मात्र पुष्कळ बोलला होता.

"काय काका, वाट चुकलात?" हिरो हसला.

"एका गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दाढी करशील का? मास्तर आहेत, चाकाच्या खुर्चीतले. त्यांच्या लेकीला मी काल फोनवर विचारलंय. ती हो म्हणाली."

"ते तर तुमचं गिऱ्हाईक! तुम्हीच जा की."

इथं कुणी मिठी मारणार नव्हतं. "माझ्या हातून त्यांचा गाल भाजला. मी बोलण्याच्या नादात होतो. आता त्यांना मी नकोय."

हिरोचं हसू मावळलं. त्यानं गाणं बंद केलं. हालेलूया नाही, धीराचा शब्द नाही. एका न्हाव्यानं दुसऱ्या न्हाव्याकडे बघावं तसं तो बघत राहिला, आणि ते बघणं फवाऱ्यानं मान खाली न घालता सोसलं.

"कुठला गाल?" हिरोनं विचारलं.

"डावा. त्याला महिनाभर वस्तरा लावू नको, कडेनं कात्री चालव. उजवा गाल सैल पडलाय, तिथं दोन बोटांनी कातडी ताणून धर. गरम पाणी नको, कोमटच घे."

"आणि बोलायचं काय त्यांच्याशी?"

"काही नाही. दर वेळी आधी विचार, करू का म्हणून. आणि मग थांब. हो की नाही ते सांगतात, नीट सांगतात, वेळ लागतो एवढंच. दोन वर्षं दर शनिवारी ते माझ्या खुर्चीत बसायचे. मला हे परवा कळलं."