झाकण घरी राहिलं

मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, बुडाला चार पोचे, पाठीला काजळी. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरातलं एक तरी चकचकीत भांडं गोरखगड बावीस वेळा चढलंय का? मी चढलोय.

वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवणाऱ्या चांगदेवने मला घडवलं. पत्रा पातळ घेतला, जड कान काढून तारेची कडी लावली. माझ्या मापाचं झाकणही त्यानेच केलं. पाठीवर घेऊन चढायचं तर भांडं हलकंच हवं, असं तो म्हणायचा.

पण खरी युक्ती त्याच्या बायकोची, शालनची. मानपाड्याच्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ती शिजलेली खिचडी धुतलेल्या साडीवर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. टोमॅटोच्या चकत्या आणि तळलेला कांदा वेगळ्या पुडीत. चौघांचं जेवण एवढ्याशा पिशवीत मावायचं! गडावर एक झाकण खिचडीला दोन झाकणं पाणी घालायचं, वर तेच झाकण ठेवून अर्धा तास गप्प बसायचं, मग मंद आच. वास सुटला की अनोळखी लोक ताटल्या घेऊन यायचे. "वहिनी, थोडी आम्हाला पण!" काय मान होता तेव्हा माझा!

पुढे चांगदेवचे गुडघे गेले. गेल्या दिवाळीत शालनही गेली. मी माळ्यावर, झुरळांच्या संगतीत.

जानेवारीत त्यांची मुलगी प्रियांका मित्रमैत्रिणींबरोबर गोरखगडाला निघाली. चांगदेवने स्टुलावर चढून मला काढलं, घासलं आणि डब्यातली शेवटची पिशवी तिच्या हातात दिली.

"आईने वाळवलेली एवढीच राहिलीये. वरच खा गं. तिला तिथेच जेवायला आवडायचं. आणि माप झाकणानेच घे."

"हो पप्पा, किती वेळा सांगाल!"

निघायच्या सकाळी चांगदेव दूध आणायला खाली गेला आणि तिला न्यायला आलेला तिचा मित्र मितेश वजनकाटा घेऊन बसला. सामान हलकं करायचं म्हणे! पठ्ठ्याने टूथब्रशची दांडीसुद्धा तोडली होती. माझं झाकण भरलं ऐंशी ग्रॅम.

"हे कशाला? वर प्लेट ठेवू ना."

"अरे, पप्पा ओरडतील."

"त्यांना कोण सांगतंय यार?"

प्रियांकाने झाकणाकडे पाहिलं आणि ते ओट्यावर ठेवून दिलं. गाण्यांचा स्पीकर मात्र बॅगेत गेला. तो माझ्या दुप्पट जड, पण मेल्याचं वजन कोणी केलं नाही! चांगदेव वर येईपर्यंत मंडळी निघालीसुद्धा. रिक्षात तिचा फोन वाजला. "पप्पा आहेत," म्हणाली आणि आवाज बंद केला.

गडावर वारा सुटलेला. पाणी अंदाजाने ओतलं. कागदी प्लेट दोनदा उडाली, मग तिचा नाद सोडला. भिजवायला धीर कुणाला? बर्नर मोठा करून सगळे कड्यावर फोटो काढायला गेले. मी किती ओरडलो, पण टोपाचं ऐकतो कोण? वर कच्चट, खाली कोळसा. मितेशने एक घास घेऊन थुंकला. "भंगार झालीये यार," म्हणाला आणि शालनच्या हातची खिचडी झुडपात ओतली. मग बिस्किटांचे पुडे फुटले. प्रियांका तोंड फिरवून रडली. पण तिने त्याचा हात धरला नाही, हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. चांगदेव दारातच उभा.

"कशी झाली गं?"

"एक नंबर, पप्पा. सगळ्यांनी बोटं चाटली."

चांगदेवने मला बॅगेतून काढलं. झाकण ओट्यावरच होतं, तिने ठेवलं होतं तिथेच. त्याने मला झाकणाशेजारी ठेवलं. घासणी उचलली, परत खाली ठेवली. माझ्या काठाला चार पिवळी शितं चिकटलेली होती. ती त्याने नखाने सोडवली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिला.

"पप्पा, नका ना खाऊ. करपलंय ते."

"मीठ बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

मित्रांनो, पाठीवरचं ओझं जरूर हलकं करा. पण एखादी वस्तू काट्यावर ठेवण्याआधी ती देणाऱ्याला एकदा विचारा. तेवढा वेळ तुमच्याकडे असतो. मी आता परत माळ्यावर आहे, झाकण घट्ट लावून. बुडाशी ते काळं अजून तसंच आहे. प्रियांका दोनदा घासायला आली होती. चांगदेव घासू देत नाही.