वरचं खाचर, खालचं खाचर

साळूबाईला हरण्याची सवय नव्हती, आणि धाकटी जाऊ बयाबाई हिच्यापुढे हरणं तर तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून त्या साली जे झालं त्याचा सगळा दोष तिला देता येणार नाही. थोडा सरकारचाही आहे.

पंचवार्षिक योजनेचे दिवस होते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत ग्रामसेवक जपानी पद्धतीची भातलावणी घेऊन आले. कोवळा पोरगा, पुण्याकडचा. वाडी त्याला भाऊसाहेब म्हणे. बेत असा होता की वरच्या खाचरात रावजीने सरकारी बियाचं रोप दोरी धरून ओळीत लावायचं आणि सरकारने दिलेलं पांढरं खत घालायचं. त्याला लागून खालचं खाचर साळूबाईचं. तिने आपलं नेहमीसारखं पालापाचोळा जाळून, राब भाजून रोप लावायचं. कापणीनंतर दोन्हीकडचं भात तोललं की नव्या पद्धतीने काय फरक पडला ते कळणार. महाडच्या कचेरीतल्या साहेबांना हा बेत फार पसंत होता.

रावजी म्हणजे साळूबाईचा दीर, बयाबाईचा नवरा. साळूबाईचा नवरा मुरारी मुंबईला गिरणीत, त्यामुळे शेत तिच्याच गळ्यात. बयाबाई पाणवठ्यावर चार बायकांत ‘आमचं सरकारी भात’ असं ठसक्यात म्हणू लागली आणि साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. श्रावणात रावजीने खत फेकलं. त्याच संध्याकाळी साळूबाई कुदळ घेऊन गेली, मधल्या बांधाचं तोंड फोडलं आणि खत विरघळलेलं वरचं पाणी खाली आपल्या खाचरात घेतलं. तिच्या लेखी यात चोरी कसली? वरचं पाणी खाली यायचंच.

बघता बघता तिचं भात काळंभोर होऊन कंबरेला लागलं. रावजीचं मात्र पिवळट, आजारातून उठल्यासारखं. भाऊसाहेब रोज बांधावर उभे राहून डोकं खाजवत, आणि साळूबाई मनातल्या मनात फुगड्या घालत होती.

नवरात्रात भाऊसाहेब तिच्या ओट्यावर येऊन हताश बसले. नवी पद्धत हरली तर अनुदानही गेलंच, असं म्हणाले. कसलं अनुदान, तिने विचारलं. तेव्हा कळलं की ज्या वाडीत नवी पद्धत जिंकेल तिथले ओढ्याकाठचे सगळे बांध सरकार दगडात बांधून देणार होतं. हे त्यांनी चावडीवर सगळ्यांना नीट समजावलं होतं. सगळ्यांना म्हणजे पुरुषांना. पुरुषांनी माना डोलावल्या होत्या आणि घरी येऊन जेवून झोपले होते.

ओढ्याला लागलेलं पहिलं खाचर साळूबाईचंच. दर पावसाळ्यात ओढा त्याचा लचका तोडून न्यायचा. असंच चाललं तर लवकरच खाचर संपणार आणि तिलाही मुंबईच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसावं लागणार. तिला रडूच फुटलं. भाऊसाहेबांना वाटलं, सरकारी योजनेची बाईला केवढी कळकळ.

तोलण्याच्या दिवशी साहेब आले. दोन्ही खाचरांचे भारे खळ्यावर वेगवेगळे रचलेले होते. झोडणी साहेबांच्या समोर व्हायची होती, पण त्याआधी रावजीकडे वडे आणि कोंबडीची सागोती शिजली होती. सगळी मंडळी पानावर बसली आणि खळं ओस पडलं. साळूबाईने स्वतःच्याच भाताची चोरी केली. आपले भारे उचलून ती रावजीच्या राशीत खुपसू लागली. एकेक भारा टाकताना तिचा जीव तुटत होता, आणि तोंडाने बयाबाईच्या नावाने शिव्या चालू होत्या.

अर्थातच रावजीचं भात जास्त भरलं. साहेब खूष झाले. भाऊसाहेबांना काही उमगेना, पण पोरगा शहाणा, गप्प बसला. साहेबांनी साळूबाईला बोलावून विचारलं, आता पटली का नवी पद्धत? बयाबाई पदर सावरत समोरच उभी होती.

“पटली, सायेब,” साळूबाई म्हणाली. तेवढं बोलायला तिला अख्ख्या लावणीइतके कष्ट पडले.

फाल्गुनात तिच्या खाचराला दगडी बांध झाला. बयाबाईचं तोंड मात्र चालूच. सरकारच्या काट्यानेच दाखवलं कोणाचं भात भारी, असं ती येता-जाता ऐकवायची.

मग एका दुपारी बयाबाई सूप घेऊन तिच्या घरात येऊन बसली. सुपात पांढरा तांदूळ होता आणि त्यात तांबडा मिसळलेला. सरकारी बी पांढऱ्याचं, साळूबाईचं तांबड्याचं. टरफलात दोन्ही सारखीच दिसत, कांडल्यावर उघडी पडत. भारे हलवताना हे साळूबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आमच्या कणगीत तुजा तांदूळ कसा गो आला, जाऊबाय?”

साळूबाईने फोडलेल्या बांधापासून भाऱ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. वर म्हणाली, जायचं तर जा महाडला आणि सांग साहेबांना.

“सांगू कशाला? आमच्या बाजूचा बांध आजून व्हायचा हाय.” बयाबाई सूप तिथेच ठेवून उठली. उंबऱ्यापाशी घुटमळली. “भात तुजंच भारी व्हतं. पन चार बायकांत मी ह्ये बोलनार नाय.”

ती गेल्यावर साळूबाई एकटीच हसत बसली. ती जिंकली होती, आणि हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस बयाबाई होतं, यापेक्षा आणखी काय हवं?