मानेचे पैसे

सचिवांनी कागद टेबलावर फिरवून आईकडे सरकवला, त्यावर पेन ठेवलं, आणि बोलले मात्र लेकीकडे बघून.

"इथे सही, खाली तारीख. दरवर्षीचंच आहे. मावशींना माहितीये."

आईने पेन उचलून बाजूला ठेवलं. कागद खिडकीच्या उजेडाकडे नेला, उजवा डोळा मिटला आणि डाव्याने एकेक ओळ चाचपावी तशी वाचू लागली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. खिडकीबाहेर कर्णबधिर मुलांच्या या शाळेची मधली सुट्टी चालली होती. मुलं धावत होती, पडत होती, आणि पडल्या पडल्याही हातांनी भांडत होती.

आईचं बोट एका शब्दावर थांबलं.

"हा कोणता?" तिने दुसऱ्या हाताने लेकीला विचारलं.

आईच्या हातांचं बोलणं लेकीला जन्मापासून वाक्यांसारखंच ऐकू यायचं. त्यात आवाज नव्हता, पण सूर होता, आणि आत्ताचा सूर काही सरळ नव्हता.

"पैसे," लेकीने खूण केली. "महिन्याचे."

"तेवढं मलाही कळतं. शब्द कोणता? ड्रायव्हरच्या कागदावर हा नाहीये. त्याचा आखूड आहे."

लेकीने वाकून पाहिलं. मानधन. ड्रायव्हरच्या कागदावर वेतन असणार.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर मागे पाय मोडून घरी बसला होता. प्लास्टर निघेपर्यंत त्याचे पैसे घरपोच गेले. त्याच सुमारास आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती मात्र काळा चष्मा लावून चार दिवसांत कामावर हजर झाली होती, कारण न आलेल्या दिवसाचे पैसे तिला मिळत नव्हते. आता उजव्याची पाळी होती, आणि या वेळी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, महिनाभर विश्रांती, नाहीतर दिसतंय तेही जाईल. जी बाई डोळ्यांनीच ऐकते, तिला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून आज तिने लेकीला कॉलेजातलं शिकवणं बुडवून सोबत आणलं होतं.

कागदोपत्री आई मदतनीस होती. पण चार-पाच वर्षांचं नवं मूल आलं, ज्याच्या घरात कुणालाच खुणा येत नाहीत, ज्याच्यापाशी स्वतःच्या नावासकट एकही शब्द नाही, की ते आधी तिच्या खोलीत पाठवलं जाई. ती त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून चेहरा वर उचलायची, त्याने हातांकडे बघावं म्हणून. मग पाणी. मग आई. मग हळूहळू बाकीचं जग.

"काय म्हणतायत मावशी?" सचिवांनी विचारलं.

"मानधन म्हणजे काय, ते विचारतेय."

सचिव खुलले. भाषणाची हौस असलेला माणूस होता.

"त्यांना सांगा, पगार काय, कुणालाही मिळतो. मानधनाचं तसं नाही. आपल्याकडे व्याख्यानाला पाहुणे येतात, त्यांना पगार देतो का आपण? मानधन देतो. पगार कामाचा असतो, मानधन माणसाचं असतं. मोठा शब्द आहे."

लेकीला तो शब्द चांगला ओळखीचा होता. कॉलेजात ती तासांच्या हिशेबाने रसायनशास्त्र शिकवायची, आणि तिच्याही कागदावर तोच होता. शेजारच्या काकूंनी पगाराची चौकशी केली की ती म्हणायची, "पगार नाही काकू, मानधन." काकू "अगंबाई!" म्हणायच्या आणि पुढे काही विचारायच्या नाहीत.

पण हातांमध्ये तो शब्द तिच्याजवळ नव्हता. पगार म्हणा, वेतन म्हणा, मजुरी म्हणा, त्यांच्या घरात खूण एकच होती. डावा तळवा उघडा पुढे करायचा आणि उजव्या हाताने त्यावर काहीतरी ठेवल्यासारखं करायचं. मानासाठी वेगळी काय खूण करावी या विचारात लेकीचे हात रेंगाळले. तेवढ्यात आईने शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. ती अक्षरं तिच्या रोजच्या नजरेखालची होती. तिच्या खोलीत भिंतीवर शरीराचा तक्ता होता. डोळा, कान, नाक, आणि गळ्यापासून निघालेल्या रेघेच्या टोकाला, मान.

आईने स्वतःच्या मानेला हात लावला. मग तळव्यावर पैसे ठेवले.

"मानेचे पैसे?"

लेकीला हसूच फुटलं. "ती मान नव्हे ग, तो मान," ती तोंडाने बोलून गेली आणि मग हातांवर आली. "दुसरा शब्द आहे. आदर."

"अक्षरं तीच?"

"तीच."

"मग कुठला ते कळतं कसं?"

"पुढचं-मागचं बघून."

आईचे हात मांडीवर गेले. मग ते वर आले.

"मिशीला विचार. मी डोळ्यासाठी महिनाभर घरी बसले तर पुढचं काय?"

मिशी म्हणजे सचिव. त्यांनी ती कधीच उतरवली होती, पण खूण एकदा पडली ती पडली.

लेकीने विचारलं. सचिवांनी खुर्चीत जरा जागा बदलली.

"बसा की. तब्येत आधी. फक्त, आता मानधन म्हटल्यावर त्या महिन्याचं काही निघत नाही. आणि जागा तशी राखून ठेवता येत नाही, दुसरं कुणीतरी बघावं लागतं. मुलांचं अडायला नको ना. नियमच आहे तसा."

"आणि ड्रायव्हरला?"

"त्याला वेतन आहे. वेतनाला रजा असते."

लेकीने ते जसंच्या तसं हातांवर उतरवलं. आईच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे लहान शब्दाला रजा, आणि मोठ्या शब्दाला नाही."

हेही लेकीने जसंच्या तसं सांगितलं. सचिव चष्मा पुसू लागले.

आई उठून उभी राहिली. एवढ्यासाठी उठायची गरज नव्हती, पण मुलांना नवीन शब्द देताना ती कधी बसत नसे. तिने डावा तळवा पुढे केला, उजव्याने त्यावर पैसे ठेवले, आणि ठेवता ठेवता मान खाली घातली. फार नाही. कुणी दारातून काही दिलं तर घेणारा घालतो तेवढीच. त्या स्थितीत ती थांबली, लेकीने नीट बघावं म्हणून.

मग तिने हात पुसल्यासारखे केले आणि पुन्हा तोच तळवा, तेच पैसे. या वेळी मान ताठ होती, नजर समोर.

लेक बघत राहिली. हात एकच होते, हालचाल एकच होती. फरक फक्त मानेच्या एका मणक्याचा होता, आणि तेवढ्या फरकात दोन शब्द वेगळे झाले होते. एका क्षणापूर्वी हे जगात नव्हतं. शब्द कुठून येतात याचा तिने कधी विचारच केला नव्हता. ते आधीपासून असतात, नदी-डोंगरासारखे, असंच ती धरून चालली होती.

आई सचिवांकडे वळली. पहिली खूण करून तिने स्वतःकडे बोट दाखवलं. मग दुसरी केली आणि भुवया उंचावल्या. यातलं माझं कोणतं?

लेकीने सांगायला तोंड उघडलं. सचिवांनी हात वर केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "कळलं."

इतक्या वेळात पहिल्यांदाच ते आईकडे बघून बोलले होते. सचिवांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, आणि मग कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"सही राहू दे आत्ता. तुम्ही डोळा करून घ्या. जागा मी कुणाला देत नाही, एवढं माझ्या अखत्यारीत आहे. शब्दाचं..." ते थांबले. "शब्दाचं बैठकीत मांडतो. ते काय करतील, मला सांगता येत नाही."

लेकीने खुणांनी पोचवलं. आईने मान हलवली. आभाराची खूण केली नाही. अपमानही केला नाही. कागदाकडे शेवटचं बघून ती दाराकडे निघाली.

लेकीचं लक्ष खिडकीकडे गेलं. भिंतीला कान असतात म्हणतात, या शाळेत काचेला डोळे होते. बाहेरून चार-पाच नाकं काचेला चिकटली होती. किती वेळ, कोण जाणे. त्यातली दोन वेण्यांची एक मुलगी मागे वळली आणि तिने मागच्यांना करून दाखवलं. तळवा, पैसे, मान खाली. तळवा, पैसे, मान वर.

दोघी व्हरांड्यात येईपर्यंत ती खूण पुढे गेली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना लेक दरवर्षी एक प्रयोग दाखवायची. द्रावण पाण्यासारखं नितळ दिसतं, पण त्यात मावेल त्याहून अधिक काही विरघळलेलं असतं. एक बारीक खडा टाकायचा, की बघता बघता सगळं भांडं काठापर्यंत स्फटिकांनी भरून जातं. अंगण तसं भरत चाललं होतं. झोपाळ्यापासून नळापर्यंत, नळापासून फाटकापर्यंत. एका मुलाने आपला तुटका खडू दुसऱ्याला दिला. घेणाऱ्याने गमतीने मान खाली घातली. देणारा रागावला, त्याने खडू काढून घेतला, आणि घेणाऱ्याची मान सरळ झाल्यावरच परत दिला.

"बघ ना!" लेकीने आईचा दंड धरला. "अगं, बघ, सगळ्यांना आलं!"

आईने एक डोळा मिटून बघितलं आणि मास्तरणीसारखं नाक मुरडलं. "त्या पलीकडच्याचा तळवा चुकतोय."

मग ती लेकीकडे वळली. तिने सावकाश दोन्ही खुणा केल्या, आधी खाली मानेची, मग ताठ मानेची. पैसे ठेवलेला तळवा तसाच धरून दुसऱ्या हाताने लांब, कॉलेजच्या दिशेला दाखवलं.

"आणि तुझं?"

लेकीचे हात वर आले. आदर, असं काहीतरी करायला निघाले, आणि छातीजवळ अडकले. तिने अंगणातल्या फरश्यांकडे पाहिलं. एका फरशीवर खडूने कुणीतरी घर काढलं होतं.

दारावरचा लाल दिवा उघडझाप करू लागला. या शाळेची घंटा तीच होती. मुलं वर्गांकडे पळाली. आईलाही जायला हवं होतं, नवा एक पोरगा सकाळपासून तिच्या खोलीत तोंड लपवून बसला होता. ती दोन पावलं गेली आणि परत आली.

तिने लेकीच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली, आणि चेहरा वर उचलला.